ढगांची पेटी

मोठ्या बाईंनी माझ्याकडे एक पानभर टिपण मागितलं आहे. विषय: शाळेने मुलांसाठी वेशभूषेचा दिवस ठेवावा की ठेवू नये. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, खाली सही, सोमवारपर्यंत. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आणि त्यांचा सोमवार म्हणजे सोमवारच असतो. मी चार वेळा कागद पुढे ओढला, मधोमध रेघ मारली, आणि चारही वेळा रेघेच्या दोन्ही बाजूंना मावशीच येऊन बसली. तेव्हा म्हटलं, आधी मावशीचं सांगून टाकावं, टिपणाचं मग बघू.

मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. पण नुसतं मावशी म्हणायची चैन मला कधी मिळालीच नाही, कारण सगळं गावच तिला मावशी म्हणतं. ड्रेपरीमावशी. नाटकांना आणि शाळांना लागणारे कपडे भाड्याने देण्याचं तिचं दुकान आहे, आणि अशा दुकानाला ड्रेपरी म्हणतात. मला ती मास्तरीण म्हणते. मी चौदा वर्षं शिकवते आहे, तरी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला अजूनही आपण शाळा-शाळा खेळत असल्यासारखं वाटतं.

दुकान म्हणजे जिन्याखालून आत शिरणारी एक लांबट, अरुंद खोली. दोन्ही भिंतींना लोखंडी नळ्या, नळ्यांवर दाटीवाटीने कपडे: सिंह, राण्या, पोस्टमन, फुलपाखरं, एक जिराफ ज्याची मान घडी करून खिशात ठेवावी लागते. खाली पेट्या. एक नुसत्या शेपट्यांची. एक मुकुटांची. मिशा एका बिस्किटाच्या डब्यात, दोन कागदांच्या मध्ये निजवलेल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास इतका मुरलेला की मावशी लग्नाकार्यात आली तरी लोक मागे वळून बघतात. छताला काचेचा एक चौकोन आहे, त्यातून दुपारचं ऊन सरळ खाली उतरतं आणि त्या उन्हात धूळ संथपणे वरखाली करत राहते. पंखा लावला की सगळे कपडे एकदम हलतात. बाह्या हलतात, शेपट्या हलतात, राणीचा घेर थोडासा वळतो आणि परत जागेवर येतो.

लहानपणी सुट्टीत मी तिथे झोपायची. जाग यायची तेव्हा क्षणभर कळायचं नाही, की मी या सगळ्यांना स्वप्नात बघते आहे की ही मंडळी मला बघतायत. मावशी पलीकडे बसून काहीतरी उसवत असायची आणि त्यांच्याशी बोलत असायची. "तुझा गुडघा पुन्हा फाटला का रे? किती रांगायचं?" हे अस्वलाला. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत राहायची. अस्वल कधी उत्तर द्यायचं नाही, पण मावशी उत्तरापुरती थांबायची मात्र.

थांबणं हीच तिची विद्या. मूल आई-बापाबरोबर दुकानात आलं की आई-बापांनी बाहेर स्टुलावर बसायचं आणि मुलाने एकट्याने पडद्याच्या आत यायचं, हा तिचा नियम. आत ती मुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसते, म्हणजे डोळे डोळ्यांच्या पातळीत येतात, आणि विचारते, "कोण व्हायचंय तुला?" मग थांबते. मूल गप्प बसलं तर तीही गप्प बसते. एकदा एक पोरगी पाऊण तास बोलली नव्हती आणि बाहेर तिचे वडील घड्याळ बघून बघून हैराण झाले होते. शेवटी पोरगी म्हणाली, "कासव." मावशी म्हणाली, "तरीच."

मग दुसरी पायरी. "तीन पावलं चालून दाखव." टेप ती फक्त गळ्यात बाळगते. मूल त्या सोंगात कसं चालतं त्यावरून तिला कळतं की कपडा कुठे घ्यायचा, कुठे सोडायचा. एकदा एक गलेलठ्ठ मुलगा आला, आणि बाहेरून त्याची आई ओरडली, "अहो, त्याला सैनिक द्या, सैनिक!" आत मुलगा मान खाली घालून पुटपुटला, "फुलपाखरू." मावशीने त्याला चालायला लावलं. तो तीन पावलं अशी काही चालला, की मावशीने दोन फुलपाखरं उसवली आणि त्यांचं एक केलं. आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मुलगा अजून बोलतो, आता त्याला दाढी आहे.

हे सगळं कुठून आलं ते मला आईने सांगितलं, मावशीने नव्हे. मावशी चौथीत असताना तिच्या शाळेत असाच वेशभूषेचा दिवस होता. घरात कोणाला त्याचं काही नव्हतं, आजोबा कामावर, आजी आजारी. मावशी रोजच्या गणवेशात गेली. बाई तिला रागावल्या नाहीत, उलट प्रेमाने म्हणाल्या, "तू आपली पडद्याची दोरी धर हं." दिवसभर ती रंगमंचाच्या कोपऱ्यात दोरी धरून उभी होती. परी आली की ओढ, परी गेली की सोड. घरी येऊन तिने माझ्या आईला तळहात दाखवले होते. आई म्हणते, लाल झाले होते, पण रडत नव्हती. नुसतं म्हणाली, "सगळं दिसलं मला तिथून."

तर अशी ही मावशी. आता पेटीचं सांगते.

आमच्या शाळेत दर वर्षी एक विषय ठरतो आणि मुलं त्या विषयाची सोंगं घेऊन येतात. कधी जंगल, कधी पाण्याखालचं जग. एका वर्षी कोणाच्या तरी डोक्यातून भाज्या निघाल्या, तेव्हा सतरा टोमॅटो आले आणि एक एकटी भेंडी दिवसभर कोणाशी खेळावं याच्या विवंचनेत होती. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, पण माझं मत होतं: बंद करा हा प्रकार. आदल्या आठवड्यात अभ्यास नाही, पुढच्या आठवड्यात अभ्यास नाही, आया वर्गाच्या दारात येऊन एकमेकींच्या मुलांच्या पंखांवर टीका करतात, आणि संध्याकाळी व्हरांड्यातून पिसं झाडायला लागतात ती निराळीच. मावशीला हे मी तोंडावर सांगायची. ती हसायची आणि म्हणायची, "मास्तरीण, तू लहानपणी कांदा झाली होतीस. तुला काय कळणार?"

त्या दिवशी सकाळी मावशी शाळेच्या फाटकापाशी एक पत्र्याची पेटी घेऊन उभी राहायची. तिला तिथे कोणी बोलावलं नव्हतं. अकरा वर्षं न चुकता येत होती. पाच-सहा मुलं दर वर्षी साध्या गणवेशात यायची. कोणाच्या घरी जमलेलं नसायचं, कोणाच्या घरी माहीतच नसायचं. त्यांच्यासाठी पेटीत ढग असायचे. पांढऱ्या मलमलीचे, खांद्यावर कापूस भरून फुगवलेले, डोक्यातून घातले की झालं. ढगाला माप लागत नाही, कोणालाही बसतो. आणि ढग कुठल्याही विषयात चालतो, असं मावशीचं म्हणणं. जंगलावर ढग असतो, समुद्रावर ढग असतो, भाज्यांना तर लागतोच. मूल फाटकातून मान खाली घालून यायचं, मावशी पेटी उघडायची, पांढरं काहीतरी झुळझुळत बाहेर यायचं, आणि क्षणात ते मूल बाकीच्यांसारखं होऊन आत पळायचं. मला ते बघायला आवडायचं. माझ्यासारख्या खडूस बाईला त्या अख्ख्या दिवसातला तेवढाच क्षण आवडायचा.

एका वर्षी विषय होता ‘मोठेपणी मी कोण होणार’. डॉक्टर आले, वैमानिक आले, एक न्यायाधीश आला ज्याला शू लागली होती. आणि त्या रांगेत चार ढग उभे होते. मी हसले होते. खरंच हसले होते, शेजारच्या बाईंना कोपराने ढोसून. आज ते हसू मला परत घ्यावंसं वाटतं.

कारण मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. मुलं त्यांना ‘ढगवाले’ म्हणायची. नुसतं त्या दिवशी नाही, वर्षभर. डबा विसरला तर ‘ढगवाला आहे ना तो’. वही फाटकी असली तर ‘ढगवाली’. मी मधल्या सुट्टीत ऐकलेलं होतं, जिन्यात ऐकलेलं होतं. दोनदा रागावले, तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मावशीला सांगितलं नाही. तिचा तेवढा एक आनंद, तो कशाला मोडायचा, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण म्हणजे सांगणं अवघड होतं आणि न सांगणं सोपं होतं.

मागच्या वर्षी फाटकात इस्त्रीवाल्याची लेक आली. इस्त्रीवाला म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा, ज्याच्या टेबलावरून मावशीच्या दुकानातला प्रत्येक कपडा जातो. लेक तेव्हा तिसरीत, दोन घट्ट वेण्या, बघणं रोखून. बाप इस्त्री करतो तेव्हा ती टेबलाखाली बसून गृहपाठ करते, आणि तयार गठ्ठा दुकानात पोचवायला बापाबरोबर येते. कुठल्या सिंहाला आतून डाग आहे, कुठल्या राणीचा घेर तीन वेळा सांधलेला आहे, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मावशी बापाला म्हणायची, "पोरीला हवं ते ने रे." तो मान हलवायचा. "दुकानाचा माल आहे, मावशी. आपण इस्त्री करायची." पहिलीत ती ढग झाली होती. दुसरीत ढग झाली होती.

मावशीने पेटी उघडली आणि ढग वर काढला. पोरगी एक पाऊल मागे सरकली.

"मला नको."

"अगं, का?"

"ढगवाली म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे. रोज म्हणतात." एवढं बोलून ती गणवेशात आत निघून गेली. पळाली नाही, चालत गेली.

मावशीच्या हातात तो ढग तसाच राहिला. वारा होता, तो आपला फुगत होता. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "मुलं काय गं, काहीही म्हणतात."

मावशीला शेपट्या शिवता येतात तशी माणसंही उसवता येतात. तिने माझ्याकडे बघितलं, ढगाची घडी घातली, पेटी बंद केली. "अकरा वर्षं मीच पोरांना खुणा करत होते," ती म्हणाली. "आणि तू बघत होतीस." मग ती पेटी उचलून घरी गेली. मी तिच्यामागे जायला हवं होतं. माझा पहिला तास होता, मी वर्गावर गेले. तासाला काय शिकवलं ते आठवत नाही.

दोन आठवडे तिने दुकान उघडलं नाही. मी रोज जाऊन दार वाजवायची. ती आतून म्हणायची, "काम आहे." आत पंख्याचा आवाज नसायचा. मला वाटायचं, आत अंधारात सगळे कपडे स्तब्ध लटकलेत आणि मधोमध ही बसली आहे, आणि आता तीही कोणाशी बोलत नाही. मला भीती वाटली, स्पष्टच सांगते. या बाईने आयुष्यात एकच गोष्ट कोणाच्या सांगण्यावाचून केली होती, आणि तीच चुकीची निघाली होती. ते गिळून माणूस परत उभं राहील की नाही, ते मला कळत नव्हतं.

पंधराव्या दिवशी ती स्वतःच बाहेर आली आणि मला म्हणाली, "चल." गेली थेट इस्त्रीवाल्याकडे. तो सदऱ्यावर इस्त्री फिरवत होता, टेबलाखाली लेक गुणाकार करत होती. मावशी आधी वाकली, मग गुडघ्यांवर हात टेकत टेकत जमिनीवर बसली, पोरीच्या समोर, मांडी घालून. गुडघे कुरकुरले ते मला ऐकू आले.

"मी काय चुकले ते मला सांगशील?" तिने विचारलं.

"मावशी, अहो काय हे, उठा," इस्त्रीवाला गडबडला. "लहान आहे ती."

मावशी उठली नाही. थांबली. पोरीने आधी आपला गुणाकार पुरा केला. हातचा लिहिला. मग पेन्सिल वहीत ठेवून म्हणाली, "तुम्ही दुकानात सगळ्यांना विचारता."

"काय विचारते?"

"कोण व्हायचंय ते. मी गठ्ठा घेऊन येते तेव्हा ऐकते ना. सगळ्यांना विचारता. आणि कितीही वेळ थांबता." तिने वहीचा कोपरा सरळ केला. "मला वाटायचं, फाटकापाशी मलाही विचाराल. पहिलीत वाटलं, दुसरीत वाटलं. तुम्ही सरळ पेटी उघडता."

टेबलावरची इस्त्री उचलायची राहून गेली आणि एका पांढऱ्या सदऱ्याला तिचा तपकिरी ठसा उमटला. मावशी त्या मुलीकडे बघत होती, आणि मी मावशीकडे. चाळीस वर्षं ज्या बाईने प्रत्येक पोराला, आगाऊ, मुखदुर्बळ, कसंही असो, तोच एक प्रश्न विचारला होता, ती नेमकी या मुलांना तो विचारायला विसरली होती. देण्याच्या घाईत. तिला दोरी धर म्हणणाऱ्या त्या बाईसुद्धा घाईतच असतील, आणि प्रेमळ.

"बरोबर आहे तुझं," मावशी म्हणाली. मग तिने हात पुढे केला आणि त्या एवढ्याशा मुलीने तिला ओढून उभं केलं.

यंदा सोंगांचा दिवस महिन्यावर आला तेव्हा मोठ्या बाईंनी शिक्षकांची बैठक घेतली. वेशभूषेचा दिवस ठेवायचा की बंद करायचा. मावशीला खास बोलावलं होतं; ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर गळ्यात टेप घेऊन बसली होती, बहुधा काढायचा विसरली होती. दोन्ही बाजूंनी बोलणी झाली. एक म्हणाले, मुलांच्या अंगावर घरची ऐपत दिसते, गणवेश कशासाठी ठेवलाय मग? दुसऱ्या म्हणाल्या, माझ्या वर्गातला मुलगा वर्षभर तोंड उघडत नाही, पण पोपट झाला त्या दिवशी त्याला गप्प करावं लागलं. मला वाटलं, दोघांचंही खरं आहे, आणि याचा मला राग आला. मी म्हटलं, "बंद करा." मावशीकडे न बघता म्हटलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बोला."

मावशी म्हणाली, "मला उत्तर येत नाही. यंदाचा एक दिवस मला द्या. कोणी घरून सोंग आणायचं नाही, सगळ्यांनी गणवेशात यायचं. विषय नको. मी दुकान घेऊन येते."

"सगळं दुकान?"

"जिराफासकट."

आणि तिने तो महिना एकाही पालकाला कपडा दिला नाही. ज्या आयांनी मुलांची सोंगं सहा महिने आधी ठरवली होती त्या चवताळल्या. एक बाई मला वर्गाबाहेर गाठून म्हणाली, "तुमच्या मावशीचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "नाही. कधीच नव्हतं." त्या क्षणी मला मावशीचा फार अभिमान वाटला, पण तो तिला जाऊन सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. सांगितलं तेव्हा ती अस्वलाचा गुडघा शिवत होती. म्हणाली, "सुई ओवून दे." म्हणजे आमचं मिटलं.

तो दिवस गेल्या शुक्रवारी झाला. पहाटेच मावशी, इस्त्रीवाला आणि शिपाईमामांनी मैदानात दोऱ्या बांधल्या आणि सगळे कपडे त्यांवर टांगले. मी पोचले तेव्हा थोडं धुकं होतं. अर्धवट उजेडात सिंह, राण्या, पोस्टमन रांगेने तरंगत होते, पाय जमिनीला न टेकता. वाऱ्याची झुळूक आली की सगळे थोडे थोडे वळायचे, जणू कोणीतरी येणार आहे आणि सगळ्यांना ते कळलंय. मी सात वर्षांची असल्यासारखी तिथे उभी राहिले. ढगही होते त्यांत. पेटीत नव्हते, दोरीवर होते, सिंहाच्या आणि वैमानिकाच्या मध्ये.

व्हरांड्याच्या टोकाला मावशीने पडदा बांधला होता. पडद्याआड ती जमिनीवर बसलेली, आणि एकेक मूल आत जात होतं. "कोण व्हायचंय तुला?" मग शांतता. मग तीन पावलं. मग मूल मैदानात पळायचं, मी त्याला दोरीवरून कपडा काढून द्यायची. एकेकाला वेळ लागत होता, पण कोणी घाई केली नाही. रांगेतली मुलंसुद्धा विचारात पडलेली होती, काही तर डोळे मिटून उभी होती. ज्याची आई दर वर्षी त्याला राजाच करायची त्याने टोमॅटो मागितला. वर्गातली सर्वांत बडबडी मुलगी दगड झाली आणि दुपारपर्यंत एका कोपऱ्यात अपार सुखात बसून राहिली. तिघांनी जिराफ मागितला, तेव्हा दोघांनी मान वाटून घेतली आणि तिसरा झाड झाला, जिराफाला खायला.

आणि मी? मी काय केलं होतं तेही सांगायला हवं. इस्त्रीवाल्याच्या लेकीसाठी मी निळी राणी बाजूला काढून ठेवली होती. टेबलाखालून ती त्या घेराकडे कशी बघते ते मी पाहिलेलं होतं. दुसऱ्या कोणी नेऊ नये म्हणून मी ती शेवटच्या दोरीवर, अस्वलाच्या मागे लपवली होती. तिची पाळी आली तेव्हा मी राणी हातावर घेऊन पडद्याआड शिरले. "हे बघ, तुझ्यासाठी ठेवलीय," असं म्हणणारच होते.

मावशीने माझ्याकडे बघितलं. "मास्तरीण, ठेव ते."

मी ठेवलं. कान गरम झाले माझे.

मावशीने पोरीला विचारलं, "कोण व्हायचंय तुला?"

पोरगी गप्प. बाहेर टोमॅटो कोणाशी तरी भांडत होता. पडदा हलत होता, त्यातून येणारा उजेड मावशीच्या चेहऱ्यावरून सरकून मुलीच्या चेहऱ्यावर जायचा, परत यायचा. मावशी थांबली. मला वाटलं, ही तीन वर्षांचं थांबणं एकदम थांबते आहे. मैदानातले आवाज हळूहळू लांब गेले. किती वेळ गेला कोण जाणे.

"ढग," पोरगी म्हणाली.

मावशीचा हात गळ्यातल्या टेपवर गेला आणि तिथेच राहिला.

"पण पांढरा नको. काळा. गडगडतो तो."

काळा ढग मावशीकडे नव्हता. कधी शिवलाच नव्हता तिने. तिने माझ्याकडे हात केला, "राक्षसाचा झगा आण." मी आणला. चांगला, घोळदार झगा, दुकानातला सर्वांत जुना, तो तिला शिवणकाम शिकवणाऱ्या तिच्या गुरूने दिलेला होता. तिने कात्री घेतली आणि झगा पाठीवर उभा कापला. मी "अगं" म्हणेपर्यंत कापलासुद्धा. एका पांढऱ्या ढगातला कापूस काढला, काळ्या कापडात भरला, मोठमोठ्या टाक्यांनी शिवून टाकला. पोरगी शेजारी बसून सुया ओवून देत होती, आणि कुठे फुगवटा जास्त हवा ते बोटाने दाखवत होती. पडद्याच्या फटीत इस्त्रीवाला येऊन उभा राहिला. या वेळी तो दुकानाच्या मालाबद्दल काही बोलला नाही.

डोक्यातून घातला. दोन वेण्या वरून बाहेर आल्या.

"तीन पावलं चालून दाखव," मावशी म्हणाली.

पहिलं पाऊल टाकलं आणि ती घशातून बारीकशी गुरगुरली. दुसऱ्या पावलाला जरा मोठ्याने. तिसऱ्याला तिने पाय असा आपटला, की व्हरांड्याची फरशी वाजली. मावशी हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. गळ्यातल्या टेपनेच पुसले, दुसरं काही हाताशी नव्हतं.

पोरगी पडदा सारून बाहेर गेली. मैदान भरलेलं होतं. कोणीतरी ओरडलं, "ढगवाली आली रे!"

ती थांबली. सावकाश वळली. काळा झगा वाऱ्याने फुगला, आणि ती अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी गडगडली. टोमॅटो दोन पावलं मागे सरकला. सगळ्यांनी वाट करून दिली आणि ती मधून चालत गेली.